बुरशी : सृष्टीची पाचक, कोठाराची वैरी

वर्षा ऋतूत काष्ठौषधींच्या कोठारात पाऊल टाकताच एक कोंदट वास नाकाला जाणवतो. गोणीचे तोंड सोडावे, तर ज्येष्ठमधाच्या कांड्यांवर पांढुरकी भुरी पसरलेली आणि शतावरीच्या मुळांवर हिरवट-काळसर ठिपके उमटलेले दिसतात. अशा वेळी उघडीप मिळताच माल अंगणात पसरावा, फडक्याने पुसावा, झटकावा आणि पुन्हा गोणीत भरावा, ही रीत बहुतेक ठिकाणी आढळते. भुरी दिसेनाशी झाली म्हणजे माल स्वच्छ झाला, असे त्यामागील गृहीत असते. हे गृहीत बरोबर आहे काय, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. रुग्णाच्या यकृताशी आणि वृक्काशी त्याचा थेट संबंध आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी बुरशी म्हणजे काय आणि ती जगते कशी, हे प्रथम पाहावे लागते.

वनस्पती नव्हे, प्राणीही नव्हे

बुरशी, भूछत्रे, यीस्ट या सर्वांना मिळून कवक अशी संज्ञा आहे. फार काळ कवकांची गणना वनस्पतींत होत असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली आणि तीत कवकांना स्वतंत्र सृष्टीचे स्थान दिले. कारण उघड होते. कवकांत हरितद्रव्य नसते, त्यामुळे सूर्यप्रकाशातून अन्न निर्माण करणे त्यांना शक्य नाही. त्यांच्या पेशींची भिंत वनस्पतींप्रमाणे सेल्युलोजची नसून मुख्यत्वे कायटिनची असते. खेकड्याच्या कवचात असते तेच हे द्रव्य. राखीव साठा म्हणून ते पिष्ट साठवीत नाहीत, तर आपल्या यकृतात असते ते ग्लायकोजेन साठवतात. पुढे जनुकांच्या अभ्यासातून कवकांचे नाते वनस्पतींपेक्षा प्राणिसृष्टीशी अधिक जवळचे आहे, हे सिद्ध झाले.

या नात्याला चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्व आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार भिन्न असते. म्हणून आपल्याला अपाय न करता तिला मारणारी द्रव्ये पुष्कळ सापडली. कवकाची पेशी मात्र आपल्या पेशीशी बरेच साम्य राखून आहे, त्यामुळे केवळ तिलाच इजा करणारी द्रव्ये थोडी आहेत. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर कवकांच्या पटलात एर्गोस्टेरॉल. आज वापरात असलेली अनेक कवकनाशके या एवढ्याशा फरकावर आधारलेली आहेत. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत शोधले गेलेले हामायसिन हे कवकनाशकही याच वर्गातील होय.

आतापर्यंत कवकांच्या सुमारे दीड लाख जातींची नोंद झाली आहे. प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. म्हणजेच या सृष्टीचा फारच थोडा भाग आपल्या परिचयाचा आहे.

शरीराबाहेरचे पचन

कवकाचे शरीर अतिशय सूक्ष्म तंतूंचे बनलेले असते. हे तंतू साधारणतः २ ते १० मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे आपल्या केसाच्या कित्येक पटींनी बारीक असतात. प्रत्येक तंतू टोकाशी वाढतो, त्याला फाटे फुटतात, आणि त्यातून कवकजाल विणले जाते. हे जाल अन्नावर नव्हे, तर अन्नात पसरते.

प्राणी अन्न पोटात घेतो आणि मग पचवतो. कवकाचा क्रम याच्या उलट आहे. ते अन्नात शिरते, तंतूंच्या टोकांतून पाचक विकरे बाहेर सोडते, अन्नाचे आपल्याभोवतीच विघटन करते आणि विरघळलेला अंश शोषून घेते. त्याचे जठर शरीराबाहेर आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. या पचनासाठी एक गोष्ट अत्यावश्यक असते, ती म्हणजे पाणी. विकरे पाण्यातूनच पसरतात आणि पचलेला अंश पाण्यातूनच आत येतो. पाणी नसेल तर कवक मरतेच असे नाही, परंतु त्याचे पचन थांबते आणि वाढही थांबते.

आपल्याला जी भुरी किंवा छत्री दिसते ती या शरीराचा अल्प भाग असते. आतील जाल पुरेसे वाढले की कवक पृष्ठभागावर येऊन बीजाणू तयार करते. हिरवा, काळा, पिवळा हा बुरशीचा रंग बहुधा या बीजाणूंचाच असतो. ते हवेत सर्वत्र असतात, अत्यंत हलके असतात आणि कोरड्या स्थितीत दीर्घकाळ टिकतात. तात्पर्य, डोळ्यांना दिसणारी भुरी ही बुरशीच्या आगमनाची खूण नसून तिचे आतील कार्य बरेच पुढे गेल्याची खूण होय.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांचे या बाबतीतील निरीक्षण लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात उद्भिद शाकांचा उल्लेख येतो. पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन अशा उगमस्थानांवरून तेथे त्यांचे भेद सांगितले आहेत आणि गुणही त्यानुसार वेगळे दिले आहेत. कवक ज्यावर वाढते त्यातूनच घडते, हे आजच्या शास्त्राचेही म्हणणे आहे.

सृष्टीतील कार्य

अरण्यात दरवर्षी पाने गळतात, फांद्या मोडतात, वृक्ष उन्मळतात. या सर्वांचे विघटन झाले नसते, तर त्यांतील पोषकद्रव्ये तशीच अडकून पडली असती आणि नव्या रोपाला काहीच उरले नसते. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य पचवण्यास अतिशय अवघड आहे. ते पूर्णपणे मोडण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने काही कवकांतच आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर जी अळंबी उगवतात, ती याच कार्याची साक्ष देतात. वाळवी आणलेला काष्ठचोथा वारुळात रचते, त्यावर विशिष्ट कवक वाढवते आणि कवकाने मऊ केलेले अन्न खाते. जे पचन तिला स्वतःला साधत नाही ते ती कवकाकडून करवून घेते.

दुसरे कार्य याहून मोठे आहे. बहुसंख्य वनस्पतींची मुळे एकटी नसतात. त्यांच्याशी कवकांचे तंतू जोडलेले असतात. १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने या सहवासाला मायकोरायझा, म्हणजे कवकमूल, हे नाव दिले. तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्याने मातीच्या ज्या फटीत मूळ पोहोचत नाही तेथे ते पोहोचतात आणि स्फुरद व पाणी आणून देतात. मोबदल्यात वनस्पती त्यांना शर्करा पुरवते. स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही हा सहवास आढळला आहे.

वैद्यांनी या संदर्भात अष्टवर्गाचा विचार अवश्य करावा. जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी म्हणून आज ज्या हिमालयीन वनस्पती ओळखल्या जातात त्या ऑर्किड कुळातील आहेत. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. योग्य कवक बीजात शिरून त्याला अन्न पुरवील तरच निसर्गात ते रुजते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे दाखवून दिले. म्हणून कंद खणून काढल्यावर केवळ बी विखुरल्याने ही वनस्पती परत येत नाही. तेथील माती आणि तीतील कवकही टिकावे लागते. भावमिश्रांनी अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचे सांगून शतावरी, विदारी, अश्वगंधा आणि वाराही ही प्रतिनिधी द्रव्ये दिली. दुर्लभतेचे एक कारण जमिनीखालच्या या नात्यातही आहे.

आपल्या मसाल्यात आणि औषधांत येणारे दगडफूल, म्हणजेच शैलेय, हेही एक सहजीवनच आहे. कवकाच्या जाळ्यात सूक्ष्म शेवाळ वसलेले असते. शेवाळ अन्न तयार करते आणि कवक त्याला आधार व ओलावा देते.

संधानातील सहकारी

आसव-अरिष्टे करणाऱ्यांचा तर कवकाशी नित्याचा व्यवहार आहे. यीस्ट हे एकपेशीय कवक होय. शर्करेचे रूपांतर ते मद्यार्क आणि कर्बद्विप्राणिल वायू यांत करते. धायटीच्या फुलांतील मधुर रसावर यीस्टची नैसर्गिक वस्ती असते. संधानात धातकीपुष्पाचा आग्रह का, याचा एक उलगडा येथे होतो. किण्व आणि सुराबीज या प्राचीन संज्ञाही याच घटकाकडे निर्देश करतात. संधानपात्राच्या तोंडाशी पेटती काडी नेली असता ती विझते, ही परंपरागत परीक्षा वस्तुतः कर्बद्विप्राणिल वायूची परीक्षा आहे.

येथेही शिस्त पाण्याची, शर्करेची आणि हवेची असते. शर्करा अती झाली तर यीस्टला पुरेसे पाणी मिळत नाही आणि संधान मंदावते. पात्रात हवा शिरत राहिली तर द्रवावर बुरशीची साय धरते, किंवा जिवाणूंमुळे मद्याचे अम्ल होऊन शुक्त तयार होते. योग्य संधानात मात्र निर्माण झालेला मद्यार्कच पुढे बुरशीला रोखतो. म्हणून आसवारिष्टे टिकतात आणि ज्या वनस्पतींचे चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते त्यांचाच गुण ती दीर्घकाळ राखतात.

त्वचेवरील मंडल

दद्रूचे वर्णन करताना चरकांनी कंडू, राग आणि पिडका यांनी युक्त असे उंचावलेले मंडल सांगितले आहे. हे मंडल वर्तुळाकारच का, याचे उत्तर कवकाच्या वाढीत आहे. त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन पचवणारे कवक एका बिंदूतून चहूबाजूंना पसरते. मध्यभागी त्याचा जोर ओसरतो आणि कडेला ते सक्रिय राहते. कुरणात वर्तुळाकार उगवणाऱ्या भूछत्रांचा न्यायही हाच. म्हणून लेप कडेच्या बाहेरील दिसायला निरोगी त्वचेपर्यंत लावावा आणि डाग मावळल्यावरही काही काळ चालू ठेवावा.

गेल्या काही वर्षांत दद्रू चिवट झाल्याचा अनुभव बहुतेक चिकित्सकांना आला असेल. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव २०२० मध्ये मिळालेले कवक यामागे मोठ्या प्रमाणावर असून टर्बिनाफिन या औषधाला ते पुष्कळदा दाद देत नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमे सल्ल्याविना वापरल्याने लाली आणि खाज शमते, पण कवक आत पसरतच राहते. लक्षण लोपणे म्हणजे कारण लोपणे नव्हे, हे आपल्या शास्त्राचेच सूत्र आहे. असे मलम रुग्ण वापरतो काय, हा प्रश्न प्रत्येक दद्रूरुग्णाला विचारला पाहिजे. मधुमेही रुग्णात नाकाभोवती किंवा डोळ्याभोवती वेदना, सूज अथवा काळा स्राव आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला.

कोठारातील विष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काही बुरशी वाढताना विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि ती आपल्या अन्नातच सोडतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मरण पावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष सापडले. त्यालाच अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्याकडे १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ उद्भवली. अवकाळी पावसात भिजलेला आणि बुरशी धरलेला मका हे तिचे कारण ठरले. प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले.

अ‍ॅफ्लाटॉक्सिन हे मनुष्यात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात नोंदवले आहे. त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. ऑक्रॅटॉक्सिन हे दुसरे विष वृक्कांना अपायकारक मानले जाते; ज्येष्ठमधाच्या मुळात ते आढळत असल्याने युरोपीय देशांनी ज्येष्ठमधासाठी त्याची स्वतंत्र मर्यादा ठरवली आहे. प्रत्येक बुरशी विष निर्माण करतेच असे नाही. परंतु कोणती करते, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

पुसण्याने आणि उन्हाने नेमके काय होते? पुसण्याने बीजाणू जातात, तेही काही अंशी. आतील तंतू राहतात. उन्हाने पाणी कमी होते आणि वाढ थांबते. परंतु आधीच मुरलेले विष जसेच्या तसे राहते. अ‍ॅफ्लाटॉक्सिन उष्णतेला चिवट असल्याने काढ्याच्या उकळीनेही ते पूर्णपणे नष्ट होत नाही. अशा मालाचे चूर्ण केले तर रंग आणि डाग झाकले जातात, आणि विष मात्र संपूर्ण पोटात जाते. यकृताच्या रुग्णाला दिलेल्या भुईआवळीच्या चूर्णातूनच यकृताचे विष गेले, तर दोष औषधाला लागतो, शास्त्राला लागतो, आणि खरे कारण गोणीतच राहते.

या सर्वाची किल्ली पाण्यात आहे. मात्र द्रव्यात एकंदर पाणी किती, यापेक्षा बुरशीला वापरता येण्याजोगे पाणी किती, हे महत्त्वाचे. ते मोजण्याच्या मापात शुद्ध पाण्याचे मूल्य १ धरतात. बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वरचे मूल्य लागते, तर काटक बुरशी ०.७ च्या आसपासही वाढतात. मध ०.६ च्या आसपास असल्याने तो बिघडत नाही. अवलेहात शर्करा पाण्याला बांधून ठेवते म्हणून तो टिकतो. परंतु गरम असतानाच बरणीचे झाकण लावले, तर वाफेचे थेंब पृष्ठभागावर पडतात आणि नेमक्या त्याच थरावर बुरशी येते. कोठाराच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांवर राहिली, तर आत ठेवलेले कोरडे द्रव्यही हळूहळू त्या पातळीला येते. कोकणपट्टीत पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही वर असते.

चरकांनी कल्पस्थानाच्या आरंभी भेषजागाराचे वर्णन करताना अग्नी, जल, उपस्वेद, धूम, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद यांचा शिरकाव होणार नाही अशी जागा सांगितली आहे आणि द्रव्ये नीट झाकून शिंक्यावर ठेवण्यास सांगितले आहे. यातील उपस्वेद, म्हणजे दमट वाफारा, हा शब्द वरील विवेचनानंतर अधिक अर्थपूर्ण वाटेल. शार्ङ्गधरांनी चूर्णाची मर्यादा दोन महिने आणि गुटी व लेह यांची एक वर्ष दिली, त्यालाही आधार आहे. कुटल्याने पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि हवेतील ओलावा शोषण्यास तेवढीच अधिक जागा मिळते.

व्यवहारात काय करावे

१. खरेदीच्या वेळी नमुना गोणीच्या तोंडातून न घेता मधून आणि तळातून घ्यावा. मुळे व कांडे मोडून आतील रंग आणि वास तपासावा. कोंदट वासाचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

२. ओली द्रव्ये आणल्याबरोबर पातळ काप करून, जमिनीवर न पसरता चटईवर किंवा जाळीवर, विलंब न लावता वाळवावीत. बुरशीची सुरुवात बहुधा या पहिल्या काही दिवसांतच होते.

३. गोण्या फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. आर्द्रतामापक यंत्र फार महाग नाही. ते प्रत्येक कोठारात असावे आणि रोजची नोंद ठेवावी. बाहेर पाऊस असताना हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवल्यास ओलावा आत येतो.

४. पुरते न वाळलेले द्रव्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आतील पाणी आतच फिरत राहते.

५. पावसाळ्यात चूर्णे थोड्या प्रमाणात करावीत. यंत्रातून निघालेले चूर्ण गरम असते. ते निवल्यावरच डब्यात भरावे. अवलेहाचेही तसेच. रुग्णाला कोरडा चमचा वापरण्याची सूचना आवर्जून द्यावी.

६. आधी आलेला माल आधी वापरावा आणि प्रत्येक गोणीवर आवक-दिनांक लिहावा.

७. बुरशी धरलेला माल वेगळा काढून नष्ट करावा. तो कुटू नये, काढ्यात घालू नये, गुरांनाही घालू नये. हाताळणाऱ्याने नाकातोंडावर कापड बांधावे.

८. आयुर्वेदिक फार्माकोपियात बुरशीसंख्येच्या आणि अ‍ॅफ्लाटॉक्सिनच्या मर्यादा दिलेल्या आहेत. ज्येष्ठमधासारख्या जोखमीच्या द्रव्यांची प्रत्येक नव्या आवकेच्या वेळी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. लहान फार्मसींनी एकत्रितपणे नमुने पाठवल्यास खर्च विभागला जाईल.

बुरशी ही सृष्टीची पाचक आहे. वृक्षापासून तुटलेले मूळ, साल किंवा फळ तिच्या दृष्टीने विघटनास सिद्ध झालेले द्रव्य आहे. ते औषध आहे, हे तिला ठाऊक नसते. वनात तिने हे कार्य केले नाही, तर पुढची वनस्पती उगवणार नाही. कोठारात मात्र तिचे हे कार्य सुरूच होऊ न देणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन आपल्या हाती आहे : द्रव्य कोरडे ठेवणे, आणि एकदा बुरशी धरल्यावर ते औषध म्हणून न वापरण्याचा निर्धार ठेवणे. काही गोण्यांचे नुकसान सोसावे लागेल. परंतु रुग्ण ज्या विश्वासाने पुडी उघडतो त्या विश्वासाच्या तुलनेत हे नुकसान अल्प आहे.